वीस तारखेला पुन्हा पुन्हा येणारं एक्स्टेन्शन

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एका कर सल्लागाराचं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार आणि पिंपळगावकडचे काही द्राक्ष व्यापारी हे क्लायंट. सकाळी साडेदहाला तिथून मला फोन आला तेव्हा तारीख वीस होती, म्हणजे महिन्याचं थ्री-बी, जीएसटीचं मासिक रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. १७ रिटर्न बाकी होती.

"दादा, क्रोम परत बिघडलं. दोनदा काढून परत टाकलं, तरी तेच."

अॅड्रेस बारमध्ये काहीही टाइप केलं की गुगलऐवजी कुठल्याशा अनोळखी सर्च पानावर जायचं, वरचे चार-पाच निकाल जाहिरातींचे. रिटर्न भरायच्या पोर्टलवर लॉगिन करताना शेजारी आपोआप दुसरा टॅब उघडायचा. अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन झाला होता, त्यात काही सापडलं नव्हतं.

अशा वेळी आधी बिघाड कुठल्या थरात आहे ते शोधायचं: विंडोजमध्ये, ब्राउझरमध्ये की प्रोफाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरने एका माणसासाठी साठवलेल्या सेटिंग्ज-पासवर्डच्या संचात. वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून गेस्ट विंडो उघडली. तिथे सर्च व्यवस्थित चालला, जादा टॅब उघडला नाही. म्हणजे विंडोज आणि क्रोम दोन्ही ठीक, दोष प्रोफाइलमध्ये. बरेच जण ही चाचणी इनकॉग्निटोत करतात, पण ती पुरी नाही. इनकॉग्निटोला त्याच प्रोफाइलची सेटिंग्ज लागू असतात आणि परवानगी दिलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, तिथेही चालतात. गेस्ट विंडो सगळं कोरं घेऊन उघडते.

मग क्रोमचं पॉलिसीचं, म्हणजे बाहेरून लादलेल्या नियमांचं, पान पाहिलं. काही अॅडवेअर (जाहिराती घुसवणारे प्रोग्राम) विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, पॉलिसी लिहून स्वतःला पक्कं बसवतं. मग एक्स्टेन्शन काढायचं बटण चालत नाही, आणि घरच्या कॉम्प्युटरवरही मेनूत तळाशी 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' अशा अर्थाची ओळ दिसते. इथे पॉलिसी रिकामी होती. एक्स्टेन्शन्सच्या पानावर मात्र तीन कार्डं होती. दोन ओळखीची, तिसरं पीडीएफ जोडणारं. तपशिलात 'साइट अॅक्सेस'समोर लिहिलेलं: सर्व साइटवर. ऑफिसात कुणीच ते टाकलेलं नव्हतं.

ते आलं होतं घरून. त्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या ताईंनी क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने साइन इन करून सिंक चालू ठेवलं होतं, म्हणजे त्या खात्याचं सगळं प्रत्येक उपकरणावर सारखं राहतं. घरच्या लॅपटॉपवरही तेच खातं. नववीतल्या मुलाने शाळेच्या प्रोजेक्टची पानं जोडायला ते एक्स्टेन्शन घेतलं आणि सिंकने ते ऑफिसात आणून ठेवलं. क्रोमचं सिंक बुकमार्कसारखंच एक्स्टेन्शन्सही नेतं-आणतं, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

दोनदा क्रोम काढूनही ते एक्स्टेन्शन का गेलं नाही, याची कारणं दोन. पहिल्या वेळी क्रोम काढताना 'ब्राउझिंग डेटाही हटवा' या चौकोनात टिक केली नव्हती. ती नसेल तर प्रोग्राम जातो, पण लोकल अॅपडेटामधलं युजर डेटा फोल्डर जसंच्या तसं राहतं आणि नवं क्रोम तेच उचलतं. दुसऱ्या वेळी टिक केली होती, प्रोफाइल खरोखर पुसलं गेलं, पण लगेच पुन्हा साइन इन केलं आणि सिंकने ते परत उतरवलं. उपाय साधा आहे. सिंक चालू असतानाच एक्स्टेन्शन काढायचं, म्हणजे ते काढणंही सिंक होतं आणि घरचा लॅपटॉप चालू झाल्यावर तिथूनही जातं. सिंक आधी बंद केलं तर फक्त ऑफिसातलं जातं, खात्यात ते तसंच राहतं.

हे सगळं पाऊण तासात उरकलं असतं. पण पासवर्डचं पान उघडलं आणि काम वाढलं. क्लायंटच्या ६३ लॉगिनचे पासवर्ड त्या खात्यात सेव्ह होते. ताईंनी आपला फोन काढून क्रोममध्ये तेच पान उघडलं, तर पूर्ण यादी तिथेही. घरच्या लॅपटॉपवरही असणारच. त्यात ताईंचा काही दोष नाही. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं ब्राउझर विचारतो आणि कामाच्या घाईत माणूस 'हो' म्हणतो. तो पासवर्ड कुणाच्या खात्यात जाणार, हे त्या वेळी कुणी निवांत वाचत बसत नाही.

आधी रिटर्न. एजला, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरला, त्या कॉम्प्युटरवर कुणी हात लावलेला नव्हता, म्हणून रिटर्न तिथूनच भरायला घेतली. आधी गोल चित्र तपासलं, कारण विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याने चालवलेलं असेल तर एज आपोआप त्याच खात्यात साइन इन होऊ शकतो. इथे विंडोजचं खातं लोकल होतं. पोर्टलचे पत्ते हाताने टाइप करून बुकमार्क केले. सर्चमधून लॉगिनचं पान शोधायचं नाही, हा माझा आग्रह असतो. वरचा निकाल जाहिरात असू शकतो आणि हुबेहूब दिसणारं खोटं पान तिथूनच गळ टाकतं.

शेजारच्या टेबलावर फायरफॉक्स होता आणि तिथे डिजिटल सिग्नेचर लागेना. टोकन (सही साठवलेला पेन ड्राइव्हसारखा तुकडा) लावलेलं, पिन बरोबर, तरी 'कनेक्शन होत नाही'. सही करणारी युटिलिटी आपल्याच कॉम्प्युटरवर १२७.०.०.१ या पत्त्यावर एक छोटा सर्व्हर चालवते आणि वेबपान त्याच्याशी बोलतं. त्या सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट युटिलिटीनेच तयार केलेलं असतं आणि इन्स्टॉल होताना ते विंडोजच्या भांडारात बसतं. क्रोम आणि एज ते मानतात. फायरफॉक्स स्वतःचं भांडार वेगळं ठेवतो, आणि विंडोजमधलं ते सर्टिफिकेट त्याने मानलं नाही तर तिथे तो स्थानिक पत्ता पोर्ट क्रमांकासह एकदा उघडून अपवाद मान्य करावा लागतो. तसं केलं आणि सही लागली. पूर्वी हेच काम जावा अॅप्लेट करायचं. ते ज्या प्लगइन पद्धतीवर चालायचं ती क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये बंद केली, तेव्हापासून या युटिलिटी आल्या.

संध्याकाळी सातपर्यंत १७ रिटर्न गेली. मग चहा घेताना सरांनी, म्हणजे कर सल्लागारांनी, विचारलं, "तर मग ब्राउझर कुठला वापरायचा?"

माझं मत असं की सगळ्यात चांगला कुठला, यापेक्षा दोन कुठले, हे आधी ठरवावं. एकाच क्रोममध्ये दोन प्रोफाइल केली तरी कुकी, पासवर्ड, एक्स्टेन्शन वेगळी राहतात, तांत्रिकदृष्ट्या ते पुरतं. पण घाईत दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात. वेगळा ब्राउझर असला की टास्कबारवरचा आयकॉनच वेगळा, हात चुकत नाही. शिवाय दुसरा निवडताना इंजिन, म्हणजे पान दाखवणारा आतला भाग, बघावं. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे क्रोमचंच क्रोमियम वापरतात. एखादं पान क्रोममध्ये अडलं आणि ब्रेव्हमध्येही अडलं, तर त्यातून काही कळत नाही. फायरफॉक्सचं गेको वेगळं आहे, तिथे खरी दुसरी तपासणी होते.

त्या ऑफिसात चारही कॉम्प्युटरवर कामासाठी एज ठेवला: साइन इन नाही, एकही एक्स्टेन्शन नाही, पासवर्ड सेव्ह करणं बंद. एज निवडायचं आणखी एक कारण, त्यांना लागणारी एक जुनी साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालते. तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण एजमधला आयई मोड (जुन्या साइट इंटरनेट एक्सप्लोररसारख्या उघडायची सोय) निदान २०२९ पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर'खाली परवानगी देऊन तो पत्ता यादीत घालायचा. यादीतली नोंद ३० दिवसांनी संपते. 'गेल्या महिन्यात चालत होतं, आता नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

खासगी कामाला फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन एक्स्टेन्शन. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची फक्त लाइट आवृत्ती चालते, फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं. आणि विंडोजचा डीफॉल्ट ब्राउझर फायरफॉक्सच ठेवला. व्हॉट्सअॅप किंवा ईमेलमधल्या लिंक डीफॉल्टमध्ये उघडतात. अनोळखी लिंक अशा खिडकीत उघडू नये, जिथे बँक आणि पोर्टल लॉगिन असतात. एज फक्त बुकमार्कवरून वापरायचा.

पासवर्ड क्रोममधून सीएसव्ही फाइलमध्ये काढले आणि कीपास एक्ससी या पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये आयात केले. सीएसव्ही उघडी असते, नोटपॅडमध्ये कुणीही वाचू शकतं. म्हणून आयात झाल्या झाल्या ती शिफ्ट-डिलीट केली, मगच खात्यातली यादी पुसली. कीपासची फाइल सरांच्या कॉम्प्युटरवर, एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि तो कपाटात.

एक्स्टेन्शनने काही चोरलं याचा पुरावा मिळाला नाही. पण 'सर्व साइटवर' परवानगी असलेलं एक्स्टेन्शन पानावर टाइप होणारी अक्षरं वाचू शकतं, म्हणून ६३ च्या ६३ पासवर्ड बदलायचे ठरले. बँकेची सात त्याच रात्री झाली, बाकीची २१ आणि २२ तारखेला. ताई एकेक बदलून वहीतल्या नावापुढे बरोबरची खूण करत होत्या.