लॅपटॉप डायरेक्ट विंडोजमध्येच जातोय? थांबा, फॉरमॅट मारू नका

मागच्या आठवड्यात बाबांचा ऑफिसात फोन आला. ऑफिसच्या वेळात ते कधीच फोन करत नाहीत, त्यामुळे उचलतानाच पोटात गोळा आला. "अरे, माझ्या ओव्या गेल्या," एवढंच म्हणाले आणि गप्प झाले.

आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे आणि त्यात दोन सिस्टीम. बायकोचं जीएसटीचं काम विंडोजवर, बाबांचं लिखाण उबंटूवर (हा लिनक्सचाच एक प्रकार). बाबा गेली चार वर्षं आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आठवून आठवून टाइप करतायत, आत्याला गावी फोन लावून एकेक ओळ पडताळून घेतात, शब्द अडला की मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसतात (आपल्या ठाण्यातलंच, १८९३ पासूनचं). इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर दोन बोटांनी टाइप करतात, सावकाश पण चूक नाही. साडेतीनशेच्या वर ओव्या झाल्यात. आणि आता लॅपटॉप चालू केला की तो मेनू, जिथे वर उबंटू आणि खाली विंडोज दिसतं, तो येतच नव्हता, सरळ विंडोज उघडत होतं.

झालं असं की आदल्या दिवशी बॅटरी फुगली म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. दुकानातल्या मुलाने बॅटरी बदलली आणि जाता जाता बायोसही (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून दिला. बाबांनी फोन केल्यावर तो म्हणाला, काका ते लिनक्स उडालं असणार, आणून द्या, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो. मी बाबांना म्हटलं, तुम्ही आता काही करू नका, लॅपटॉप बंद करून ठेवा, कोणालाही देऊ नका, मी येतोय. ऐरोलीहून ठाण्याला येईपर्यंत गाडीत मला एकच काळजी, घरातलं कोणी घाईघाईने तो परत दुकानात नेऊन देऊ नये.

हे इतकं सविस्तर लिहितोय कारण हे अनेकांच्या बाबतीत होतं आणि बहुतेक जण घाबरून इथेच सगळं नव्याने टाकतात. खरं तर त्यावेळी सहसा डेटाला काहीही झालेलं नसतं, फॉरमॅट मारल्यावर तो जातो.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता आधी बाबांना शेजारी बसवलं आणि विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. खाली डिस्कच्या पट्ट्या दिसतात ना, त्यात एक ११८ जीबीची पट्टी, तिला नाव नाही, सी डी असं अक्षर नाही, फक्त हेल्दी लिहिलेलं. विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) वाचता येत नाही म्हणून ती अशी बिननावाची दिसते. बाबा चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात आहेत?" म्हटलं हो, ह्यातच आहेत. (अशा पट्टीवर चुकून क्लिक केलं आणि विंडोजने फॉरमॅट करायचं का असं विचारलं, तर कॅन्सल. दुसरं काही नाही, कॅन्सल.)

मग गेलं काय? तर जुन्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली नावांची पाटी असते ना, कुठल्या मजल्यावर कोण राहतं ती, तसंच काहीसं कॉम्प्युटरमध्ये आहे. २०१२-१३ नंतरच्या जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय असतं, आपण सवयीने त्याला बायोसच म्हणतो. त्याची बूटची यादी, म्हणजे कुठल्या सिस्टीम चालू करता येतील ती, डिस्कवर नसते, मदरबोर्डवरच्या छोट्याशा मेमरीत असते, एनव्हीरॅम म्हणतात तिला. बायोस अपडेट झाला किंवा सेटिंग डिफॉल्टला गेली की काही लॅपटॉपमध्ये ही यादी पुसली जाते, मग लॅपटॉप स्वतःच शोध घेतो आणि त्याला विंडोज बूट मॅनेजर तेवढा ओळखीचा असतो, तो लिहून टाकतो. उबंटूचं नाव राहून जातं. पाटीवरचं नाव पुसलं म्हणून माणूस घर सोडून जात नाही, तो वर आपल्या घरातच असतो.

त्यामुळे पहिलं काम, चालू करताना बूट मेनूचं बटण दाबून यादी बघायची. आमच्याकडे एफ१२ आहे, कंपनीप्रमाणे एफ९, एस्केप असं काहीही असू शकतं. यादीत उबंटू दिसलं तर काम दोन मिनिटांचं, बायोसमध्ये जाऊन त्याला विंडोजच्या वर आणायचं आणि सेव्ह करायचं. काही बायोसमध्ये नवीन बूट ऑप्शन जोडायचीही सोय असते, तिथून फाइल दाखवली की झालं. आमच्या यादीत उबंटू नव्हतं आणि ती जोडायची सोयही नव्हती.

एक गोष्ट मात्र बायोसला हात लावायच्या आधी करा, माझ्याकडून ती राहिली होती आणि बायकोने आठवण केली म्हणून बरं. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट (डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) वगैरे बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. महिन्याच्या वीस तारखेला, रिटर्न भरायच्या गडबडीत, विंडोजने आकडे मागितले आणि आपल्याकडे नाहीत, ही वेळ कोणावर येऊ नये.

मग आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, विंडोजवरच रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने त्यात उबंटूची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, टाकली. पेनड्राइव्हवरून चालू करताना बूट मेनूत त्याची दोन नावं दिसू शकतात, एक यूईएफआय लिहिलेलं आणि एक साधं. यूईएफआयवालंच घ्यायचं, नाहीतर पुढे टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) सरळ सांगतं की ईएफआय व्हेरिएबल्स सपोर्टेड नाहीत आणि माणूस तासभर तिथेच अडकतो. आणि उबंटू आलं की इन्स्टॉल नाही, ट्राय, म्हणजे डिस्कवर काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालवायचं. हे बाबांनाही तीनदा सांगितलं.

ट्रायमध्ये फाइल मॅनेजर उघडला, डाव्या बाजूला ११८ जीबीची डिस्क, तिच्यावर क्लिक केलं, होम, मग बाबांच्या नावाचं फोल्डर, मग डॉक्युमेंट्स, आणि तिथे फाइल होती. ओव्या अंतिम ७. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. मी लगेच ती फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केली. मेनू दुरुस्त व्हायचा तेव्हा होईल, आधी कॉपी. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं एक काम नक्की करा, बाकी सगळं नंतर.

मग मुख्य काम. डिस्कच्या सुरुवातीला बहुतेक वेळा एक छोटं पार्टिशन असतं, कुठे १०० एमबी कुठे २६०, फॅट३२ मधलं, ईएफआय सिस्टीम पार्टिशन. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही कमांड दिली की सगळी पार्टिशन्स दिसतात, आमचं एनव्हीएमई (एसएसडीचा एक प्रकार) डिस्कवरचं पहिलं होतं. ते माउंट करून, म्हणजे वाचण्यासाठी जोडून, आत बघितलं तर ईएफआय फोल्डरमध्ये बूट, मायक्रोसॉफ्ट आणि उबंटू अशी तीनही फोल्डर्स शाबूत, उबंटूत ग्रबची (सुरुवातीचा तो मेनू दाखवणारा प्रोग्राम) आणि त्याला सुरू करणाऱ्या शिमची फाइलही होती. म्हणजे खरोखर फक्त पाटीवरचं नाव गेलं होतं. अशावेळी ग्रब परत टाकायचीसुद्धा गरज नाही. ईएफआयबूटएमजीआर नावाची कमांड आहे, तिला सुडोने (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) चालवून सांगायचं की नवीन नोंद कर, डिस्क ही, पार्टिशन एक नंबरचं, नाव उबंटू, आणि फाइल म्हणजे उबंटू फोल्डरमधली शिमएक्स६४. शिम अशासाठी की सिक्युअर बूट चालू असलं तरी ती चालते, ग्रबची फाइल थेट दिली तर अडू शकते. पाथमध्ये उलटे स्लॅश असतात म्हणून तो सिंगल कोट्समध्ये टाकायचा, आणि डिस्कचं नाव विसरायचं नाही, कारण नाव दिलं नाही तर ही कमांड एसडीए (लिनक्समधलं पहिल्या साध्या डिस्कचं नाव) धरून चालते आणि एनव्हीएमई असलेल्या लॅपटॉपवर ते चुकतं.

एंटर मारलं, एका सेकंदात यादी परत छापली गेली आणि बूट ऑर्डरमध्ये उबंटू पहिलं.

पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, वर उबंटू, खाली विंडोज बूट मॅनेजर, आणि दहापासून उलटे आकडे. बाबांनी मला हाताने थांबवलं आणि एंटर स्वतः दाबलं.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं हेही सांगतो. विंडोज नव्याने टाकताना ते छोटं पार्टिशनच फॉरमॅट झालं असेल तर उबंटूचं फोल्डरही गेलेलं असतं, मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून जुनं उबंटू माउंट करून, त्यात ते छोटं पार्टिशन त्याच्या जागी जोडून, सीएचरूट कमांडने त्या जुन्या उबंटूच्या आत शिरून ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब करावं लागतं. त्यातही एक गंमत आहे, ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) मूळचा बंद असतो, म्हणून लोक म्हणतात आता उबंटू आलं पण विंडोज गेलं. गेलेलं नसतं, ईटीसी डिफॉल्टमधल्या ग्रबच्या फाइलमध्ये तो चालू करून परत अपडेट-ग्रब द्यायचं. आणि काही लॅपटॉप असे हट्टी आहेत की नोंद केली तरी पुढच्या वेळी विंडोजलाच वर ठेवतात, तिथे बायोसमधूनच क्रम बदलून बघावा लागतो.

त्या रात्री साडेदहाला बायकोने विंडोज उघडलं तर घड्याळात संध्याकाळचे पाच. ती दचकलीच, आता हे काय नवीन. ते असं की लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं, विंडोज तीच वेळ भारतीय समजून वाचतं, म्हणून बरोब्बर साडेपाच तास मागे. आमच्या उबंटूत ते पूर्वीच जुळवलेलं होतं, पण पेनड्राइव्हवरच्या उबंटूला ते कुठून माहीत असणार. विंडोजमध्ये टाइम सिंक केलं, झालं. त्याच बैठकीत विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद केलं, बायोस अपडेटनंतर नव्हे तर कधीचंच करायला हवं होतं, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्समधून तिकडच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

आता फाइलच्या तीन कॉप्या आहेत. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर कपाटात, एक नेरूळला ताईकडे. दर रविवारी बाबा स्वतः कॉपी करतात आणि वहीत तारीख टाकतात. दुकानात त्या मुलालाही मी जाऊन भेटलो, भांडायला नाही, ती कमांड कागदावर लिहून दिली आणि म्हटलं, पुढचं गिऱ्हाईक असं आलं तर आधी हे करून बघ. त्याने कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला.

काल बाबा म्हणाले, आत्याला आणखी अकरा आठवल्यात.