मुठीचा डबा

शाळेच्या शताब्दीच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला आणि मला आधी आठवला तो डालड्याचा रिकामा डबा. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला फळीवर तो असायचा. झाकण कधी नीट बसायचं नाही, म्हणून वर एक दगड ठेवलेला. आपल्या शाळेनं मला गणित शिकवलं आणि त्या गणितावर मी पुढं 37 वर्षं बँकेत काढली. पण त्या डब्याचा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तो साफ चुकला होता. त्याचीच ही गोष्ट.

मी 1971 साली पाचवीत बोर्डिंगला आलो. नेवासे तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू जमीन, खाणारी तोंडं सात. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. 1972 चा दुष्काळ म्हटलं की आपल्या नगर जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. खरीप करपला, विहिरींचे तळ दिसले, गावंच्या गावं खडी फोडायला गेली. माझे आईवडीलही गेले. कामावर खायला सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशाला खरवडायची. आम्ही चाळीस पोरं ती मिटक्या मारत खायचो आणि ताटावरून उठताना अर्धे उपाशीच असायचो.

आमच्या मावशी (सगळं बोर्डिंग त्यांना मावशीच म्हणे) पीठ मळायला बसल्या की प्रत्येक परातीमागं एक मूठ पीठ काढून त्या डब्यात टाकायच्या. डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटायच्या आणि मग पाण्याचा हात लावायच्या. ही मूठ देवाची. चांगल्या दिवसांत आमचं तिकडं लक्षही गेलं नव्हतं. दुष्काळात मात्र सगळ्यांचे डोळे त्या मुठीवर.

कोठीची वही लिहायचं काम माझ्याकडं होतं. सकाळी पाच पराती, संध्याकाळी पाच. दहा मुठी. मूठभर पीठ तराजूत घालून पाहिलं, पन्नास ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे रोजचं अर्धा किलो, महिन्याचं पंधरा किलो! रोजच्या पाच-सहा भाकऱ्या देवाच्या नावानं जात होत्या. मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर सुवाच्य अक्षरात मांडला आणि बोर्डिंगच्या सरांपुढं नेऊन ठेवला. पोरांनी मला पुढारी केलं होतं. मलाही ते आवडलं होतं, कबूल करतो.

सर रागावले नाहीत. त्यांनी हिशेब दोनदा तपासला, "बरोबर आहे" म्हणाले आणि विचारलं, "तुझी आई सरवा वेचायला जाते का रे?"

मी मान खाली घातली. जायची. बागायतदाराच्या रानात काढणी झाली की आई आम्हा भावंडांना घेऊन जायची आणि मागं राहिलेली कणसं आम्ही ओच्यात गोळा करायचो. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"मग वेचून झाल्यावर मालकाचे आभार मानायला जाता?"

"नाही सर. सरव्याचे आभार कसले?"

"का बरं? ज्वारी तर त्याचीच."

मला सांगता येईना. रीतच तशी होती. सरवा वेचणाऱ्याचा, एवढं सगळ्यांना माहीत. सरांनी मग पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून त्यातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय माझ्याकडून वाचून घेतला. शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत झाडून कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. बायबलमधली विधवा रूथ याच रिवाजावर बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात शिरली आणि संध्याकाळपर्यंत तिनं एफाभर सातू झोडून काढले. एफा म्हणजे वीस-बावीस लिटरचं माप, सरांनी आमच्या पाण्याच्या हंड्याकडं बोट दाखवून सांगितलं. ते सातू बवाजानं तिच्या हातात ठेवले नाहीत, गड्यांना सांगून पेंढ्यांतली कणसं मुद्दाम मागं पडू दिली, हे सांगताना ते हसले होते. मग म्हणाले, "मावशी दान करत नाहीत. त्या फक्त धुऱ्यापर्यंत कापत नाहीत. उद्यापासून डबा पोचवायचं काम तुझं."

चर्चच्या मागच्या वस्तीत एक आजी एकट्या राहायच्या. कपाळावर हिरवं गोंदण, गळ्यात तुळशीची माळ. डबा घेऊन गेलो, तेव्हा मला वाटलं आता आशीर्वाद मिळेल, निदान गुळाचा खडा तरी. आजींनी डब्यात बोट घालून पीठ चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "का रं, उन्हं डोक्यावर आल्यावर आलास? आन् मावशीला म्हनावं, पीठ लई जाडं दळलंय."

मी तणतणत परत आलो. मावशींना निरोप सांगितला तर त्या आजींवर चिडण्याऐवजी गिरणीवाल्यावर चिडल्या. दुसऱ्या दिवशी पीठ बारीक होतं.

त्या वर्षीचा हंगामाचा सण, म्हणजे पिकातला वाटा देवाला अर्पण करायचा दिवस, मला सणापेक्षा लिलावामुळं आठवतो. एरवी चर्चमध्ये वेदीपुढं कणसं, भोपळे, ऊस, एखादी पाय बांधलेली कोंबडी असा बाजार मांडलेला असायचा. त्या साली जागा ओकीबोकी. एका बाईंनी खडीच्या कामावर मिळालेल्या सुकडीचा पुडा आणून ठेवला. त्यांचं त्या हंगामाचं पीक तेच. उपासनेनंतर अर्पणांचा लिलाव सुरू झाला. ज्यानं बारा आण्यांना पुडा घेतला त्यानं तो परत वेदीवर ठेवला, पुन्हा बोली. दुसऱ्यानं रुपयाला घेतला, त्यानंही परत ठेवला. तिसऱ्यांदा शाळेतल्या बाईंनी सव्वा रुपयाला सोडवला आणि मावशींच्या पदरात टाकला. एक पुडा तीनदा विकला गेला आणि शेवटी ज्या पोटात जायचा तिथंच गेला. बँकेत असा व्यवहार मी केला असता तर घरी बसलो असतो.

एक मात्र सांगायला हवं. त्या दिवसांत "समाधानी राहा" असं आम्हाला कुणीही सांगितलं नाही. भरल्या पोटाच्या माणसानं उपाशी माणसाला समाधान शिकवावं यासारखं ओंगळ काही नाही, आणि धर्माच्या नावानं हे पुष्कळदा होतं. आमचे सर त्यातले नव्हते. आमचं धान्य वाढवून मिळावं म्हणून ते सायकल मारत तालुक्याला सतरा खेपा घालत होते आणि तिथं वादही घालत होते.

समाधानाचा धडा मला लागला तो फार उशिरा, पोट भरलेलं असताना. नोकरी, पुण्यात दोन खोल्या, स्कूटर, सगळं झालं होतं. मग माझ्यामागून लागलेला एक सहकारी माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसला आणि मेहुण्यानं बंगला बांधला. पाठोपाठच. दोन-तीन वर्षं मी आतून आंबून गेलो होतो. अर्पणाची थैली समोर आली की खिशातली सगळ्यात मळकी नोट शोधायचो. एका रविवारी पाळकसाहेब परगावी गेले आणि संदेश द्यायची पाळी माझ्यावर आली. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. शनिवारी रात्री तयारीला बसलो. कोणत्याही स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. हे वचन मला पाचवीपासून पाठ, पण "शिकलो" या शब्दावर त्या रात्री पहिल्यांदा अडलो. म्हणजे पौलालाही ते उपजत येत नव्हतं! आणि लिहितोय तुरुंगातून, बेड्यांत. पुढं वाचलं तर लक्षात आलं की हा सगळा मजकूर मुळात पोहोचपावती आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं पाठवलेली मदत मिळाली, हे तो कळवतोय. नंतर पाळकसाहेबांनी सांगितलं की "मला सगळं पोचलं" यासाठी त्यानं वापरलेला ग्रीक शब्द त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर असायचा. मी आयुष्यभर पावत्या फाडल्या. समाधानाबद्दलचं सगळ्यात मोठं वचन पावतीवर लिहिलेलं असावं, याचं मला हसू आलं आणि थोडं रडूही. त्या रात्री बायकोला डब्याची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. सकाळी ओट्यावर एक स्टीलचा डबा होता.

आपल्याकडं उदारपणाचा विषय निघाला की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव येतंच, आणि नगरकरांनी ते घ्यावंच. 1917 साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून ते ख्रिस्तभक्तांचा "देवाचा दरबार" मांडायला निघाले. त्यांची भजनं गातच आपण मोठे झालो. पण बँकेतला माणूस म्हणून माझं मन नेहमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडं जातं. दारात येईल त्याला घरात घ्यायचं, हातात असेल ते देऊन टाकायचं हे टिळकांचं, आणि संध्याकाळी चूल कशी पेटवायची हे लक्ष्मीबाईंचं. हे त्यांनीच लिहून ठेवलंय, तेही तक्रारीपेक्षा हसत जास्त. देणाऱ्याच्या घरात भाकऱ्या कोण थापतं, हे मी मावशींमुळं विचारायला शिकलो. आमच्या घरातला डबा बायकोचा आहे. मी फक्त हमाल.

मावशी ख्रिस्तवासी झाल्या त्याला आता बरीच वर्षं लोटली. त्यांना पेन्शन नव्हती, नावावर जमीन नव्हती. शेवटच्या आजारात भेटायला गेलो तर मलाच विचारत होत्या, "जेवून आलास का लेकरा?" सुखी होत्या का, ठाऊक नाही. गुडघ्यांनी त्यांना फार छळलं आणि त्या कण्हायच्याही भरपूर. पण काही कमी आहे असं त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही, पीठ जाडं दळलं याखेरीज.

2021 मध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून दरवर्षी डिसेंबरात, नाताळाच्या आधी, बोर्डिंगला ज्वारीचं एक पोतं पाठवतो. गेल्या वर्षी गावात लग्नं निघाली, माझा हात जरा आखडला होता आणि ज्वारीचा भाव चढलेला, म्हणून बाजरी पाठवली, तीही जानेवारीत. चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. बोर्डिंगच्या आत्ताच्या स्वयंपाकीण बाई होत्या. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

"सलाम साहेब. पोतं पोचलं. पण यंदा लई उशीर केला, आन् बाजरी का धाडली? लहान पोरं नीट खात नाहीत. ज्वारी पाहिजे होती."

बायको समोर बसली होती. मी का हसतोय ते तिला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात गेलो. ज्वारी आदल्या आठवड्यापेक्षाही महाग झाली होती.