धाकटा कोइमतूरला गेला एकदाचा

आमच्याकडं, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या विटा खानापूर आटपाडी ह्या पट्ट्यात, "पोरगा काय करतो" ह्याला "गलाईला असतो", म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात असतो, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न फक्त "कुठं" एवढाच. मग कोण मदुराई सांगतो, कोण विजयवाडा, कोण कोलकाता, आमच्या भावकीतलं एक घर तर पार नेपाळात आहे. लांबच्या कुठल्या सराफ बाजारात सोनं गाळणारा माणूस मराठी बोलताना सापडला तर तालुका विचारायची गरजच नाही. तर गेल्या आठवड्यात आमचा धाकटा भाऊपण गेला. कोइमतूर, राजा स्ट्रीटच्या बाजूच्या एका बोळात तात्यांचं, म्हणजे आमच्या चुलत्यांचं दुकान आहे, तिथं.

मला राग आलेला, अजून पूर्ण गेला नाही. ७२च्या दुष्काळात चुलत आजोबा गेले ते समजू शकते, रानात कुसळं आणि हाताला काम काय तर खडी फोडायची, माणूस जाईल नाहीतर काय करंल. पण आता टेंभू योजनेचं पाणी आलंय ना! कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवलेलं पाणी आमच्या बांधाला येतंय, आजीनं ज्या रानात हुलगा मटकी सोडून काय बघितलं नाही तिथं आज ऊस उभा आहे, आणि पाणी आल्यावर घरचं पोरगं निघालं. हे मी त्याला फोनवर चांगलं तावातावानं ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आक्का, पाणी आलं, पर रान वाढलं का? दोन एकर हाय, त्यात आण्णा हायतच. आणि शेती करतो म्हटल्यावर पोरगी कोण देणार? तुझ्या नणंदेसाठी शेतकरी बघताय का तुम्ही?"

नाही बघत. पुण्यातला नोकरीवाला बघतोय. पुढं काय बोलणार.

तात्यांना तो हवाच होता, आणि भट्टीपुढं बसवायला नाही. आधी मला वाटायचं हे काम म्हणजे नुसतं सोनं वितळवायचं. दसऱ्याला ते विट्यात पालख्यांची शर्यत बघायला आले की आमच्याकडं जेवायला असतात, तेव्हा सगळं सांगत बसतात. जुन्या दागिन्याचं सोनं घ्यायचं, त्यात मुद्दाम अजून चांदी घालायची, टाकणखार टाकून मुशीत, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, एकजीव करायचं, मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, उकळायचं. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळून जातं आणि तळाला सोनं राहतं, पण ते पिवळं नसतंच, कॉफी पावडरसारखा तपकिरी चुरा. तो धुवून परत मुशीत घातला की मग कुठं सोन्याचा रंग चढतो. चांदीपण नंतर तेजाबातून परत काढतात, दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत, त्यातही कण असतात. हे सगळं सांगताना तात्या हात हलवतात तेव्हा मी त्यांची बोटंच बघत असते, तेजाबानं टोकं पिवळी पडलेली, नखांच्या कडेची कातडी सोललेली. आणि खोकतात. तेजाब उकळताना तांबूस धूर निघतो, पंखा लावला तरी चार भिंतीत तो जाऊन जाऊन जाणार कुठं.

म्हणून तात्यांनी आईला शब्द दिलाय की पोरगं धुरात बसणार नाही, बिलं बघंल. २०१७ला जीएसटी आला, २०२१पासून हॉलमार्कचं सक्तीचं झालं, तेव्हापासून कागद वाढलेत आणि तात्यांची शाळा सातवीपर्यंत. सोनं कुणाकडून आलं, किती वजनाचं आलं ह्याचा कागद नसला आणि उद्या ते चोरीचं निघालं तर पोलीस पहिल्यांदा गलाईवाल्याच्या दारात. धाकटा बीकॉम, त्यामुळं त्याला भाव आलाय. (धूर मात्र बिलं लिहिणाऱ्याला बाजूला ठेवून जातो असं काय नाही, पण हे मी आईला बोलले नाही.)

निघायच्या आधी रेणावीला रेवणसिद्धाला नारळ फोडून झाला, आणि आदल्या रात्री सगळे सांगलीला माझ्याकडं आले कारण गाडी मिरजेहून. आईनं शेंगाचटणी, भडंग, धपाटे असं इतकं बांधून दिलेलं की तात्यांच्या अख्ख्या बोळाला पुरावं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी बंगळूर आणि तिथून पुढं दुसरी गाडी. मिरज स्टेशनला आई रडली, मी रडले, तो मोबाईलमध्ये डोकं घालून उभा, कारण वर बघितलं असतं तर त्याचंही अवघड होतं.

आण्णांचं वेगळंच. त्यांना एकदम आठवलं की बॅगेला साखळी-कुलूप नाही. गाडी लागलेली, लोक चढतायत, आणि हा माणूस प्लॅटफॉर्मवरच्या विक्रेत्याबरोबर साखळीवरनं घासाघीस करतोय. धाकटा दारातनं ओरडतोय, "आण्णा ऱ्हावू द्या, काय सोनं न्हाय त्यात!" तरी घेतलीच. आत चढले, सीटखाली वाकून स्वतः साखळी गुंतवली, कुलूप दोनदा ओढून बघितलं, एक किल्ली त्याला दिली. दुसरी किल्ली स्वतःच्या खिशात टाकून खाली उतरले. इथनं ते कोइमतूरचं कुलूप कसं उघडणार देव जाणे, पण विचारायची माझी हिंमत नाही झाली.

तो पोचला, जेवला, तिथं लई उकडतंय म्हणाला, झालं.

काल आईचा फोन. लग्नाच्या बायोडाट्याचं मनावर घेतलंय. "व्यवसायात लिही, सोने-चांदी गलाई, कोइमतूर." मी म्हटलं आई, जाऊन आठवडा झाला नाही, पहिला पगार तरी होऊ दे, उत्पन्नाच्या जागी काय लिहू? तर म्हणती, "ती जागा सोड मोकळी. पर खाली मोठ्या अक्षरात लिही, दोन एकर बागायत, टेंभूचं पाणी."