तुम्ही विचारलेत म्हणून: रिकामी टाकी पुन्हा भरताना मासे कोणते आणावेत?

"टाकी बरेच दिवस रिकामी पडून आहे, पुन्हा सुरू करायची इच्छा आहे, पण या वेळी भांडणारे आणि पटापट मरणारे मासे नकोत, मग कोणते आणू?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा उत्साहापेक्षा धास्ती अधिक असते. मासे गेल्याचे ज्यांनी मनाला लावून घेतलेले असते, तीच माणसे असे विचारतात, म्हणून नुसती चार नावे सांगून मोकळे होणे मला पटत नाही. तरीही थोडक्यात सांगायचेच झाले तर एवढे सांगेन: जाती मोजक्या ठेवा, प्रत्येक जातीची संख्या मात्र भरपूर ठेवा, आणि पाणी तयार झाल्याशिवाय पहिला मासा घरात आणू नका.

पाणी तयार होणे म्हणजे ते काचेसारखे स्वच्छ दिसणे नव्हे. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा आणि विष्ठा किंवा उरलेले खाद्य कुजून तयार होणारा अमोनिया अगदी अल्प प्रमाणातही कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यांपैकी नायट्राइटही विषारीच असते. ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता मारते, त्यामुळे पाण्यात हवा भरपूर असतानाही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. नायट्रेट मात्र माशांना बरेच सहन होते आणि पाणी बदलून व वनस्पती लावून ते आटोक्यात ठेवता येते. अमोनियाचे थेट नायट्रेट करणारे नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू २०१५ साली प्रथम ओळखले गेले आणि त्यांपैकी काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलेच होते, हे मला फार आवडते. ज्या स्पंजला आपण मळका म्हणून नळाखाली धरतो, त्यात केवढे काम चाललेले असते! हे जिवाणू फार सावकाश वाढतात, आणि टाकी कोरडी पडली की ते मरतात. म्हणून तुमची काच, फिल्टर आणि खडे जुने असले, तरी जिवाणूंच्या हिशेबाने ती टाकी कोरी करकरीतच असते.

मासे न घालता हे जिवाणू वाढवता येतात, आणि पुन्हा सुरुवात करणाऱ्याने याच मार्गाने जावे असे माझे ठाम मत आहे. टाकी भरून, पाण्यातील क्लोरीन घालवून, फिल्टर व हीटर चालू ठेवावा आणि अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने अमोनियाचे प्रमाण लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅमपर्यंत आणावे. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचे अधिक टिकाऊ संयुग) असेल, तर पाणी रात्रभर उघडे ठेवून भागत नाही; त्यासाठी अँटी-क्लोरीनचे द्रावण लागतेच. पुढचे सारे काम तपासणीच्या नळीकडे पाहण्याचे आहे. अमोनियाच्या नेहमीच्या द्रव चाचणीत पाणी पिवळे राहिले तर अमोनिया नाही आणि हिरवे झाले तर आहे; पहिले कित्येक दिवस ती हिरवाई हटत नाही, मग एके दिवशी फिकटते, पण त्याच वेळी नायट्राइट चढू लागते, आणि तेही उतरेपर्यंत साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. घातलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा झाला आणि नायट्राइटही शून्यावर आले, की पाणी तयार झाले असे समजावे. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले, तर घाबरून सगळे पाणी ओतून देऊ नये. तो वेगळ्या, वेगाने वाढणाऱ्या जिवाणूंचा बहर असतो आणि तो आपोआप ओसरतो. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधील स्पंजचा ओला तुकडा मागून घ्यावा. त्याने हा काळ बराच कमी होतो.

टाकीची जुळवाजुळव मी थोडक्यातच सांगतो. काचेवरचा क्षारांचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो; साबण मुळीच वापरू नये. सिलिकॉनचे सांधे सुकलेले असू शकतात, म्हणून टाकी आधी गळली तरी चालेल अशा जागी भरून काही दिवस पाहावी. पूर्वीचे मासे आजाराने गेले असतील, तर जुना स्पंज टाकून द्यावा.

आता मासे. शांत टाकी म्हणजे शांत जातींची यादी, असा समज सर्वत्र आहे, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे. दोन निऑन, दोन बार्ब, दोन कोरी (तळाशी राहणारे लहान कोरिडोरस मासे), एक गुरामी अशी 'प्रत्येकाची जोडी' आणली की, ज्या माशांना थव्यात राहायचे असते, ते भेदरून कोपऱ्यात दडतात, नाही तर इतरांचे पर कुरतडू लागतात. टायगर बार्ब दोन-तीनच असतील तर त्यांचा त्रास सर्वांना होतो. मोठ्या थव्यात त्यांची खोडी बरीचशी आपसात जिरते. तरीही लांब पर असलेल्या माशांबरोबर मी ते ठेवणार नाही. एंजल दिसायला संथ असतो, पण मोठा झाला की त्याच्या तोंडात मावणारा निऑन त्याला खाद्यच वाटतो. काच साफ करील म्हणून आणलेला सकर मासा फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. मॉलीला कठीण, क्षारयुक्त पाणी मानवते, तर निऑनसारख्या बहुतेक टेट्रांना मऊ पाणी; म्हणून आपल्या नळाचे पाणी कसे आहे, हे मासे निवडण्यापूर्वी पाहावे.

साधारण ६० लिटरच्या टाकीसाठी मी हार्लेक्विन रासबोरा आठ ते दहा, लहान कोरी सहा आणि हनी गुरामीची एक जोडी एवढेच सुचवीन. निऑनचा मोह मला कळतो, परंतु नव्या टाकीत तो नाजूक ठरतो, आणि तांबूस अंगावर काळा त्रिकोण मिरवणारा रासबोरा मधल्या थरात थव्याने फिरू लागला की निऑनची उणीव भासत नाही. कोरीसाठी तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. तो डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, मिशांनी खाद्य चाचपतो आणि नको असलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. धारदार खड्यांवर किंवा घाण साचलेल्या तळावर त्याच्या मिशा झिजून जातात. मधूनच तो सरळ पृष्ठभागाकडे झेपावतो, हवेचा एक घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. ही घुसमट नसते; आतड्याच्या मागच्या भागातून हवेतला प्राणवायू घेण्याची त्याची उपजत सोय आहे. मात्र सगळेच कोरी सारखे वर जाऊ लागले, तर पाणी लगेच तपासावे.

हे तिन्ही गट एका दिवशी आणू नयेत. प्रत्येक गट आधी निदान दोन आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा आजार अशा वेळीच ध्यानात येतो. त्याचा परजीवी माशाच्या त्वचेखाली असेपर्यंत औषधाला दाद देत नाही, तो पाण्यात मोकळा फिरतो तेव्हाच मरतो, म्हणून ठिपके गेल्यावरही औषध काही दिवस चालू ठेवावे लागते. रासबोरा आधी, नंतर कोरी आणि गुरामी सर्वांत शेवटी आणावेत, म्हणजे गुरामीला अख्खी टाकी आपलीच आहे असे वाटत नाही. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. पुढे कधी गुरामीचा नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधून इतरांना हुसकावू लागला, तर त्याला बाहेर काढण्याची घाई करू नये. तरंगत्या वनस्पतींचा एक दाट कोपरा आधीपासून राखला असेल, तर त्याची राखण तेवढ्यापुरतीच राहते.