पान ४१ वरचा माणूस

‘हे शक्य नाही.’

पेन्सिलीने, डावीकडच्या समासात, मुंगीएवढ्या अक्षरात. शेजारच्या वाक्याखाली पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ. वाक्य असं, की नायक अंधारातून पुढे झाला, त्याने मागून पहारेकऱ्याच्या नाकावर रुमाल दाबला आणि दोन सेकंदांत तो धिप्पाड गडी आवाज न करता कोसळला. पेन्सिलवाल्यांनी पुढे खुलासाही केला होता, ‘क्लोरोफॉर्मला निदान पाच मिनिटं लागतात. तीसुद्धा तो माणूस शहाण्यासारखा श्वास घेत उभा राहिला तर.’

त्याखाली निळ्या शाईत, मोठ्या तिरप्या अक्षरात, भलत्याच कुणीतरी विचारलं होतं, ‘मग वाचता कशाला?’

पान ४१.

वाचनालयातून आणलेली कादंबरी. लाखांनी खपलेली, त्यामुळे कोपरे मऊ पडलेले आणि शिवण ढिली झालेली. मुखपृष्ठावर नेहमीचा पाठमोरा पळणारा माणूस आणि समोर आगीचा लोळ. हा माणूस कधी तोंड दाखवत नाही. दाखवलं तर तिथे आपलं तोंड बसवायची सोय राहणार नाही, म्हणून असेल. दुपारी झोप येईना म्हणून चाळायला घेतली आणि चार वाजेपर्यंत मी कथा सोडून समासच वाचत बसले.

पुस्तकावर लिहिणाऱ्यांचा मला राग आहे. पण शेजारच्या घरात भांडण जुंपलं की आपण आपल्याकडचा टीव्ही हळू करतोच की.

पान ५८ वर नायकाच्या पिस्तुलाला सायलेन्सर आहे. ‘फुस्स’ एवढाच आवाज होतो, शेजारच्या खोलीतल्याची झोपही मोडत नाही. पेन्सिल म्हणते, ‘आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. खालचा मजलासुद्धा उठेल.’ निळी शाई: ‘खालच्या मजल्यावर कुणी राहतच नाही. पान ५५ पाहा.’ ह्याला म्हणतात वाचन! ९६ वर हातबॉम्बची पिन दातांनी उपटली जाते. पेन्सिल: ‘दात निघतील, पिन नाही.’ इथे निळी शाई निरुत्तर. १३० वर नायकाच्या खांद्यातून गोळी आरपार जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोराने कडा चढतो. ही जागा पेन्सिलवाल्यांच्या फारच जिव्हाळ्याची असावी, कारण समास पुरला नाही म्हणून मजकूर वळसा घेऊन पानाच्या डोक्यापर्यंत गेलाय. ‘खांदा म्हणजे उशी नव्हे. हाताची मुख्य धमनी तिथून जाते, हाताला जाणाऱ्या सगळ्या नसा तिथूनच जातात. ह्याला उद्या सदऱ्याची बटणं लावता आली तरी पुष्कळ.’ निळी शाई: ‘चढला ना पण?’

मी मनातल्या मनात पेन्सिलवाल्यांना निवृत्त डॉक्टर करून टाकलं आणि अहोजाहो सुरू केलं. निळ्या शाईला मात्र सरळ अरेतुरे. ‘चढला ना पण’ म्हणणाऱ्याला मान कोण देणार.

गंमत पुढेच आहे. पान ३०० च्या आसपास नायक धरणाच्या पोटातल्या बोगद्यात शिरतो आणि तिथून समास कोरे. एकही रेघ नाही. क्लोरोफॉर्मच्या पाच मिनिटांवरून अडून बसलेले गृहस्थ, नायक एका दमात अख्खा बोगदा पाण्याखालून पोहून जातो तेव्हा चकार शब्द काढत नाहीत. ऐंशी पानं! पेन्सिल घरंगळून कॉटखाली गेली असेल आणि उचलायला वाकण्याएवढीही सवड नसेल. निळी शाईही गप्प. तिला भांडायला समोर कुणी उरलं नाही, किंवा तीही त्याच बोगद्यात होती. शेवटच्या पानावर, ‘समाप्त’च्या खाली, पेन्सिल पुन्हा शुद्धीवर येते. ‘एकंदरीत टाकाऊ.’

ह्या गृहस्थांना थोर पूर्वज आहेत. १९५८ साली जेम्स बॉण्डवाल्या इयन फ्लेमिंगची ‘डॉक्टर नो’ आली तेव्हा पॉल जॉन्सन ह्या पत्रकाराने ‘न्यू स्टेट्समन’मध्ये तिची सालटी काढली. आजवर वाचलेलं सर्वांत ओंगळ पुस्तक, इथपर्यंत मजल गेली. मला आवडते ती त्यातली कबुली. एक तृतीयांश वाचून होईतो पुस्तक भिरकावून द्यावं असं त्याला फार वाटलं म्हणे, पण हा एक महत्त्वाचा सामाजिक प्रकार आहे हे ध्यानात आलं, म्हणून तो पुढे वाचत राहिला. सामाजिक प्रकार! रात्री दोन वाजता माझ्या खोलीत दिवा दिसला की मीही घरच्यांना असंच काहीतरी सांगते. तीनच वर्षांनी, १९६१ मध्ये, ‘लाइफ’ साप्ताहिकात अमेरिकेच्या अध्यक्षांच्या दहा आवडत्या पुस्तकांची यादी छापून आली आणि त्यात केनेडींनी फ्लेमिंगची एक कादंबरी घातलेली होती. तिकडे तिचा खप जो उसळला तो उसळलाच.

पण फ्लेमिंगच्या वाचकांतला माझा लाडका ह्या दोघांपैकी कुणी नाही. तो ग्लासगोचा, बंदुकांचा जाणकार. १९५६ मध्ये त्याने फ्लेमिंगला पत्र घातलं, की तुमच्या बॉण्डवर माझा जीव जडलाय, त्याच्या हातातल्या बेरेटावर मात्र नाही. ते बायकांचं पिस्तूल आहे, आणि त्यातही फारशा सज्जन बाईचं नव्हे. फ्लेमिंगने वाद घातला नाही. ‘डॉक्टर नो’मध्ये बॉण्डकडून बेरेटा काढून घेतलं, वॉल्थर पीपीके दिलं, आणि ही अदलाबदल करणाऱ्या शस्त्रतज्ज्ञ मेजरला त्या पत्रलेखकाचंच आडनाव देऊन टाकलं. पुढे त्याच पुस्तकात बॉण्ड एका अवाढव्य स्क्विडशी झुंजतो. ते चालतं. पिस्तूल तेवढं बरोबर हवं.

‘द डे ऑफ द जॅकल’चं तर ह्याहून अजब. कादंबरी १९७१ ची, विषय फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल ह्यांच्या खुनाचा कट. ती लिहून झाली तेव्हा द गॉल जिवंत होते, हे जगाला ठाऊक. मारेकरी हरणार हे पहिल्या पानाआधीच कळलेलं, मग वाचणार कोण, म्हणून प्रकाशकांमागून प्रकाशकांनी बाड परत केलं. आणि लोक वाचत सुटले. त्यातला मारेकरी लहानपणीच वारलेल्या एका मुलाचा जन्मदाखला काढून त्या नावावर पासपोर्ट मिळवतो. ते इतकं कारकुनी तपशिलानं येतं, की फॉर्म भरताना आपलाच हात अवघडावा. जे घडलंच नाही त्यासाठी माणसं रात्रभर जागली, आणि माझी खात्री आहे, एकाच्याही समासात ‘हे शक्य नाही’ नसेल.

आमच्याकडे लहानपणी पुस्तक एक आणि वाचणारे दोन असा मामला होता. मी आणि दादा पोटावर पालथे, मध्ये पुस्तक. दादा भराभर वाचायचा. त्याचं झालं की उजव्या पानाच्या कोपऱ्याखाली बोट घालून वाट बघायचा. ‘झालं?’ ‘थांब.’ ‘झालं?’ ‘थांब ना!’ नायक दोन बोटांवर कड्याला लोंबकळतोय, खाली समुद्र खवळलाय, आणि त्याला वर येता येत नाही, कारण मला जोडाक्षरं नडतायत. कधी न राहवून दादा पान जरासं उचलायचा, मान वाकडी करून खालून डोकवायचा, आणि त्याचं तोंड बघूनच मला कळायचं, वाचला एकदाचा.

पुस्तक संपलं की मात्र आमचं पटायचं नाही. दादाला मोटारी, स्फोटकं, कुठल्या विमानात किती माणसं बसतात, सगळं पाठ. माझी एकच पिरपिर. तो पहारेकरी होता ना, त्याचं काय झालं?

पहिल्या पन्नास पानांत एक पहारेकरी जातोच. त्याला नाव नसतं, फार तर मिशा असतात. कधी मानेवर हाताचा फटका, कधी रुमाल, कधी सुरा. नायक त्याला झुडपात ओढतो, त्याचा कोट आणि टोपी चढवतो आणि आत जातो. टोपी नेहमी नेमकी मापाची असते. ह्यावर कुठल्याच पेन्सिलीने कधी आक्षेप घेतल्याचं मी पाहिलेलं नाही.

‘तो शुद्धीवर आला का रे?’

‘मला काय माहीत.’

‘मेला असेल तर?’

‘अगं, तो तेवढ्यासाठीच असतो!’

आमचे बाबा एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी होते.

दादाला काही हे माहीत नव्हतं असं नाही. त्याचं म्हणणं, पुस्तकातलं वेगळं. मला ते तेवढं वेगळं काढता यायचं नाही. नायक कुंपणाची तार कापायला लागला की दादा त्याच्या खांद्याशी, कुंपणाबाहेर. मी आत, विजेरी घेऊन फेरी मारत. एका पुस्तकात तर पहारेकरी खिशातून मुलीचा फोटो काढून बघत असतो आणि तेवढ्यात मागून. फोटो चिखलात पडतो. दादा म्हणाला, काय लिहिलंय! त्या रात्री मी पांघरुणात पडून उजाडेपर्यंत कडीचा आवाज ऐकत राहिले, म्हणजे न वाजणाऱ्या कडीचा. मग ती वाजली. बाबांनी बूट काढले, एकात एक मोजे कोंबले, विजेरी खिळ्याला अडकवली. मी डोळे मिटून घेतले.

वाचायचे बाबाही. पाळीवर डोळा लागू नये म्हणून आमचं वाचून झालेलं पुस्तक घेऊन जायचे. ते फोटोवालंही घेऊन गेले. दोन-तीन रात्रींनी परत आणलं तेव्हा दादाने दारातच गाठलं.

‘कसं आहे?’

बाबा पाणी प्यायले. फुलपात्र पालथं घातलं.

‘चांगलंय. झोप नाही आली.’

दादाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. बाबा अंथरुणावर आडवे झाले, डोळ्यांवर हात घेतला. मग हाताखालूनच म्हणाले, ‘पण पहारेकरी असा मोकळ्यात नाही रे उभा राहत. पाठ भिंतीला लावून असतो. मागून यायला जागाच नसते.’

दादाचं तोंड पडलं. मी त्या दिवशी शाळेत जाताना भिंती बघत गेले.

पान ४१ पुन्हा उघडलं. सरळ रेघ, पाच मिनिटं, ‘मग वाचता कशाला?’. त्याखाली बोटभर जागा उरली होती. मी पेन्सिल शोधायला उठले. मिळाली तिचं टोक मोडलेलं होतं. ते काढण्यात पाचेक मिनिटं गेली. मग पट्टीशिवाय, जमेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं, ‘पाठ भिंतीला होती.’