तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट

डायलिसिसच्या पेशंटला आठवड्यातून एकदा मोठा खाडा पडतो आणि आम्हाला धास्ती असते ती त्याचीच. मंगळ-गुरु-शनि पाळीवाले शनिवारी मशीनवरून उतरले की थेट मंगळवारी येतात. बहुतेकांना लघवी होतच नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगात साठतं आणि रक्तातलं पोटॅशियम चढत जातं; ते फार चढलं तर हृदय बंद पडू शकतं. 27 ऑगस्ट 2024 हा मंगळवार होता. त्या दिवशी बडोद्यात काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी 37 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 26 फूट.

मी बडोद्याचीच. दांडिया बाजारच्या बाजूला एका खासगी सेंटरमध्ये डायलिसिस टेक्निशियन आहे. पूर आम्हाला नवा नाही. 2019 चा 31 जुलै कुणी विसरलेलं नाही, आणि आजवा धरणाच्या 62 दरवाजांतून पाणी सुटलं की पुढे काय होणार हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मोबाइलवर सरकारी मेसेज येत होते: पातळी इतके फूट, सखल भागातल्या नागरिकांनी सावध राहावं. आता या फुटांचं माणसाने करायचं काय? माझ्या गल्लीत पाणी कधी शिरेल, कुठला रस्ता कधी बंद होईल, ते त्यात नसायचंच. सोमवारी जन्माष्टमी होती, पाऊस कोसळत होता. उद्या नदीपलीकडचे रस्ते बंद होतील एवढं जरी सकाळी कुणी स्पष्ट सांगितलं असतं, तर मंगळवारची पाळी आम्ही सोमवारीच उरकली असती. वादळ किंवा पूर येणार म्हटलं की डायलिसिस आधी करून घेणं, ही जगभरची रीत आहे.

मंगळवारी वीज गेली. पाणी शिरलेल्या भागांचा पुरवठा बंद ठेवणं बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका पेशंटला मिनिटाला 500 मिली याप्रमाणे चार तासांत 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते गाळताना आरओ प्लँट आणखी कितीतरी पाणी फेकून देतो. जनरेटरला डिझेल हवं, टाकीला टँकर हवा. शेवटी डॉक्टरांनी चारऐवजी दोन तासांची पाळी केली. पोटभर कुणालाच नाही, पण प्रत्येकाला थोडं.

जे पोहोचले त्यांचं निभावलं. अकोट्याचे एक काका आले नाहीत. त्यांच्या सुनेचा फोन आला, "ताई, खाली गळ्याएवढं पाणी आहे. बाबांना रात्रभर आडवं होता आलेलं नाही, बसूनच आहेत." आडवं झाल्यावर दम लागतो म्हणजे पाणी फुप्फुसात उतरायला लागलेलं असतं. तिने कंट्रोल रूमला फोन केला होता. पलीकडच्या माणसाने विचारलं, "घरात पाणी शिरलंय का?" नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. "मग तुम्ही सुरक्षित आहात."

मग मीही फोन केला. लागायलाच बराच वेळ गेला. तेच दोन प्रश्न: पाण्यात अडकलेत का, किती माणसं आहेत. तो मुलगा उद्धट नव्हता. त्याच्यापुढे जो कागद होता त्यात तेवढंच विचारायचं होतं. बुडणाऱ्याला काढायचं, हे त्या कागदाला माहीत होतं. कोरड्या घरात बसल्या जागी बुडणारा माणूस त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

संताप येतो तो याच्या पुढच्या गोष्टीचा. आमचे बरेचसे पेशंट आयुष्मान कार्डवर आहेत. त्यांच्या डायलिसिसचे पैसे सरकारच भरतं. म्हणजे नाव, पत्ता, फोन, कोण कधी मशीनवर येतो, सगळं सरकारी कॉम्प्युटरमध्ये आहे. बोट पाठवणाऱ्यांच्या हातात मात्र ही यादी नव्हती. 2001 च्या भूकंपानंतर 2003 साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा करणारं गुजरात हे देशातलं पहिलं राज्य, केंद्राचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला. कायदा आहे, यादी आहे, बोटी आहेत. तिघांची एकमेकांशी ओळख नाही. नदीचंही तसंच. 2021 मध्ये हरित लवादाने पूरक्षेत्र आखून अतिक्रमणं हटवायला सांगितलं होतं.

मदतीची पाकिटं मात्र पोहोचत होती, गच्चीवरून दोरीने ओढून घेत होते लोक. सुखडी, गाठिया, केळी. भुकेल्याला देवासारखी. पण आमच्या पेशंटसाठी केळं म्हणजे पोटॅशियम आणि गाठिया म्हणजे मीठ, मिठामागून तहान. मी सुनेला फोनवर बजावलं, त्यातलं काही देऊ नकोस, नुसता भात दे, पाणी घोटाघोटाने.

काकांना बुधवारी दुपारी आणलं ते गणपती मंडळाच्या पोरांनी. चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, मूर्तीच्या आगमनासाठी ठरवलेला ट्रॅक्टर त्यांच्याकडे होता. ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर काका, आणि दोन पोरं काठ्या घेऊन मागेपुढे, कारण पाण्यात मगरी होत्या. (बाहेरच्यांना ही थाप वाटते. विश्वामित्री मगरींचीच नदी आहे.)

शनिवारनंतर चौथा दिवस. ओठ निळसर, पाय सुजून तुकतुकीत. ईसीजीत टी वेव्ह (हृदयाच्या आलेखातल्या लाटा) तंबूसारख्या टोकदार, म्हणजे पोटॅशियम चढल्याची खूण; ते सातच्या वर होतं. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि मी सुया टोचल्या. त्यांना मात्र पूर्ण चार तास दिले. तासाभराने मान टाकून झोपले, आडवे. सून बाहेर बाकावर बसून कुणाकुणाला फोन करत होती.

पुढच्या पावसाळ्याआधी एका सरकारी कचेरीतून हॉस्पिटलांसाठी पूर्वतयारीचा फॉर्म आला. खाटा किती, रुग्णवाहिका किती, जनरेटर आहे का. डायलिसिसचे पेशंट किती, ते नदीच्या कुठल्या बाजूला राहतात, हा रकाना नव्हताच. आम्ही शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, मागे यादी जोडली आणि पोच मागितली. पोच मिळाली, यादी सुटी करून परत दिली. ती आता मंडळाच्या पोरांकडे आहे.