साखरपुड्याचं जेवण, १९१२

जे. बी. प्रीस्टली यांचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ आज एका बैठकीत वाचून काढलं. तेव्हापासून दुसऱ्या कशात मन लागत नाहीये.

नाटक लिहिलं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, पण घडतं १९१२ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रमली या काल्पनिक औद्योगिक शहरात. या मागे नेलेल्या काळातच खरी ताकद आहे. मुलीच्या साखरपुड्याच्या जेवणात कारखानदार बर्लिंग छातीठोकपणे सांगतो, युद्ध होणार नाही, टायटॅनिक बुडणं शक्यच नाही. पुढे काय झालं हे प्रेक्षकांना ठाऊक असतं. मग हाच गृहस्थ ‘ज्याने त्याने आपलं पाहावं’ असं म्हणतो, तेव्हा त्याचं कोण ऐकेल?

त्याच जेवणात एक इन्स्पेक्टर येतो आणि इव्हा स्मिथ नावाच्या तरुणीच्या आत्महत्येची चौकशी सुरू करतो. इव्हा तर रंगमंचावर येतच नाही. आठवड्याला २५ शिलिंग मागणाऱ्या संपात ती पुढे होती, म्हणून बर्लिंगने तिला कामावरून काढलं. पुढे त्याच्या मुलीने, शीलाने, रागाच्या भरात तिची दुकानातली नोकरी घालवली. पण मला सगळ्यात जास्त चीड आली ती बर्लिंगबाईंची. धर्मादाय संस्थेच्या समितीवर बसून त्या याच गरोदर, निराधार मुलीला मदत नाकारतात. (मदत मागणाऱ्याने आधी आपली लायकी सिद्ध करायची, हे ठरवलं कुणी?) नवराबायकोंपैकी कुणीच कायदा मोडलेला नाही, आणि तरीही एक जीव गेला.

इन्स्पेक्टर तोतया निघाला असं वाटताच दोघं सुटकेचा निःश्वास सोडतात. शीला मात्र जे केलं ते विसरायला तयार होत नाही. मला ती पोरगी फार जवळची वाटली.